रिकाम्या मिरचीचा आवाज

आईला परदेशात न्यायचं तर आठ दिवस तरी मनधरणी करावी लागेल, असं धरूनच रोहिणी सुरतेहून माहेरी रनाळ्याला आली होती. बेबीबाई म्हणजे मिरचीच्या हंगामात धानोऱ्याला सख्ख्या भाचीच्या लग्नालाही अक्षता पडेपर्यंतच थांबणारी बाई. पण या खेपेला तिने एकच प्रश्न विचारला. तिथे गलका फार असतो का?

रोहिणीने मोबाइलवर फोटो दाखवला. निळं पाणी, पांढरी वाळू, दोन रिकाम्या खुर्च्या, एक वाकलेलं नारळाचं झाड. बेबीबाईने फोटो जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. प्रकाशा गावच्या बॅरेजची दारं टाकली की तापीचं पाणी परातीत ओतल्यासारखं उभं राहतं, तसंच हे पाणी तिला दिसलं. माणूस नाही, गाडी नाही, लाऊडस्पीकर नाही.

"जाऊ," ती म्हणाली.

रोहिणीला वाटलं, माय शेवटी थकली. अठ्ठावन्न वर्षं झाली, आता जीव विसावा मागतोय. विमा कंपनीत नोकरीला लागल्यापासून तिची ही इच्छा होती, की एकदा आईला अशा जागी न्यायचं जिथे तिला हात हलवावा लागणार नाही. नवऱ्याला, मिथुनला, घर सांभाळायला सांगून तिने सुट्टी टाकली. बाप भाईदास म्हशींपाशी राहिला. समुद्राचं पाणी खरंच खारं असतं का, तेवढं बघून ये, असं त्याने बायकोला बजावलं.

बेबीबाईला मात्र समुद्र पाहायचा नव्हता. तिला शांत जागा हवी होती, आणि ती कशासाठी हवी होती हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्या आहेत. दसऱ्यापासून ओली लाल मिरची बाजारात येते, व्यापारी ती घेतात आणि मोकळ्या रानात पसरतात. दुरून पाहिलं तर कुणीतरी जमिनीची साल काढून ठेवल्यासारखं दिसतं. बेबीबाई छत्तीस वर्षांपूर्वी उमाकांत शेटच्या वडिलांच्या पथारीवर देठ खुडायला लागली. खुडता खुडता तिला प्रश्न पडायचे. एका मिरचीत बिया किती? तिने मोजल्या. सगळ्या मिरच्यांत सारख्या असतात का? वीस मिरच्या फोडून मोजल्या, आणि मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या. तिचा स्वभावच तसा. रेडिओ आला तेव्हा तिने तो उघडून पाहिला होता. मोबाइल आला तेव्हा तो उघडत नाही याचा तिला राग आला होता.

तर या मोजामोजीतच तिला मिरची वाळल्याची खूण सापडली. ढिगाच्या वरची मिरची वाळलेली दिसते, पण पोटात ओल असते. रंगाने फसगत होते, हातानेही होते. पण मिरची कानाशी धरून हलवली आणि आत बिया सुट्या वाजल्या, तर ती वाळली. नाही वाजल्या, तर अजून दोन उन्हं हवीत. पथारीवर हे बऱ्याच जणांना माहीत होतं, पण बेबीबाईसारखा कान कुणाचाच नव्हता. थराच्या मधून पाच-सहा मिरच्या उचलायच्या, उजव्या कानाशी एकेक वाजवायची, आणि मान हलवायची. तिने मान हलवली की पोती भरायला सुरुवात. थोरले शेट गेले, उमाकांत शेट गादीवर आले, पण बेबीबाईचा कान तोच राहिला. पथारीवर ती काही मुकादम नव्हती. पण मुकादमही तिच्या मानेकडे बघायचा.

मागच्या कार्तिकात तिने मान हलवली, पोती भरली, आणि तिसऱ्या आठवड्यात पोत्यांना बुरशी लागली.

शेट मगनवर उखडले. मगन सातपुड्यातला, धडगावकडचा. दुपारी मिरची पालटायची आणि सांजेला दव पडायच्या आत तिच्यावर ताडपत्री ओढायची, हे त्याचं काम. शेट म्हणाले, तू झोपलास, झाकलं नाहीस, दव लागलं. मगन म्हणाला, झाकलं होतं. शेट म्हणाले, खोटं बोलतोस. मग ते बेबीबाईकडे वळले. बेबीबाई म्हणाली की तिने वाजवली तेव्हा मिरची कोरडी होती. झालं. मगन आणि त्याची बायको आशा भर हंगामात पथारीवरून उठले आणि गुजरातेत ऊस तोडायला गेले.

होळीनंतर पथारी उठली. एक दिवस घरी बियाणं धरण्यासाठी बेबीबाई वाळल्या मिरच्यांच्या बिया काढत बसली होती. रिकामी झालेली एक मिरची सवयीने तिच्या कानाशी गेली. ती वाजली.

तिने आत बोट घालून पाहिलं. बी नव्हतं. पुन्हा हलवली, पुन्हा वाजली.

दुसरी एखादी बाई देवाला हात जोडून मोकळी झाली असती. बेबीबाईने दोन मिरच्या निवडल्या, सारख्या लांबीच्या. एक तशीच ठेवली. दुसरीचं देठ अलगद उपटून बिया झटकल्या, देठ कणकेने पुन्हा चिकटवलं आणि त्याला काळा दोरा बांधला. भरलेली वाजली आणि रिकामी नाही वाजली, तर कान खरा. दोन्ही वाजल्या तर? ते तिने पुढचं पुढे ठेवलं. पण रनाळ्यात ही परीक्षा काही होईना. घरात पंखा, दारात म्हशी, शेजारी पिठाची गिरणी, पहाटे भोंगे. दर वेळी दोन्ही वाजायच्या आणि दर वेळी तिला वाटायचं, हा आपला आवाज नाही, हा बाहेरचा आहे. म्हणून तिला पूर्ण शांत जागा हवी होती. तेवढ्यात रोहिणीने तो फोटो दाखवला.

थायलंडला त्या दोघी सुरतेहून विमानाने गेल्या, तिथून तीन तास गाडीने. रिसॉर्टला पोचेपर्यंत अंधार पडला होता आणि बेबीबाई गाडीतच झोपली होती. सकाळी रोहिणीने तिला वाळूवर नेलं. फोटोतल्या खुर्च्या होत्या, नारळही वाकलेला होता. आणि समुद्र गर्जत होता.

बेबीबाई बराच वेळ उभी राहिली. लाट आली, फुटली, मागे गेली, दुसरी आली.

"हाई कव्हय बंद व्हस वं?" तिने विचारलं.

रोहिणी हसत सुटली. आईची थट्टा अशी कोरड्या तोंडाची असते, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पण बेबीबाई थट्टा करत नव्हती. दुपारी जेवायच्या वेळेला तरी थांबत असेल, असं तिला खरंच वाटलं होतं.

"माय, आज काहीच करनं नही," रोहिणीने तिला खुर्चीत बसवत सांगितलं. "नुस्तं पडी ऱ्हावानं."

"पडानंच व्हतं ते रनाळाले खाट नही व्हती का?"

तरी ती आडवी झाली. नऊवारी सावरून, पायांवर पंचा टाकून, डोळ्यांवर लेकीचा काळा चष्मा लावून. आजूबाजूला गोरी माणसं तेल चोपडून रांगेने उन्हात पसरली होती. बेबीबाईने त्यांच्याकडे पथारीच्या नजरेने पाहिलं. पलीकडचा एक लठ्ठ माणूस कधीचा पालथा पडून होता आणि त्याची पाठ लाल होऊन वर फोड धरायच्या बेताला आली होती.

"त्याले कोनी पलटाडस का नही? एकच बाजू जळी जाई ऱ्हायनी," ती म्हणाली, आणि उठायलाच लागली. रोहिणीने तिचा हात धरून ठेवला.

अर्ध्या तासात ती उठलीच. पाण्याच्या काठाला जाऊन तिने एक बोट बुडवून चाटलं. खारट. शंभर पावलं पुढे जाऊन तिथलंही चाटलं. तेवढंच खारट. मग वाळूतल्या बारक्या भोकांशी बसून आतला खेकडा किती वेळाने बाहेर येतो ते तिने पाहिलं. वाळू रोज सकाळी दंताळ्याने कोण ओढतं, नारळ कुणाच्या डोक्यात पडत नाहीत का, पावसाळ्यात या खुर्च्या कुठे ठेवतात, असं सगळं तिने रोहिणीकरवी तिथल्या नोकरांना विचारायला लावलं. रोहिणीच्या तोडक्या इंग्रजीने आणि त्यांच्या तोडक्या इंग्रजीने मिळून अर्धी उत्तरं मिळाली. नोकरांना ही म्हातारी भलतीच आवडली.

कमरेच्या पिशवीत रुमालात गुंडाळलेल्या दोन मिरच्या होत्या. खोलीत जाऊन बघावं म्हणून ती खोलीत गेली. तिथे एसी घरघरत होता. तो कसा बंद करायचा ते सापडलं, तर लहान फ्रिज गुणगुणायला लागला. पोहायच्या हौदापाशी गाणी लावलेली होती. हौदामागच्या झाडीत कसलेसे पक्षी भांडत होते. ती परत लेकीपाशी आली आणि इथे कुठे आवाज नसलेली जागा आहे का, असं विचारलं.

रोहिणीचा चेहरा उजळला. मालिशची वेळ तिने कालच ठरवून ठेवली होती, पण परक्या बाईसमोर अंगावरचं लुगडं सोडायचं म्हटल्यावर आई काय म्हणेल, या धास्तीने बोलली नव्हती. तिने सांगितलं, की तिथे एक दालन आहे, तिथे कुणी मोठ्याने बोलत नाही, बाहेरचं काही आत येत नाही. बेबीबाई लगेच चालायला लागली. कपड्यांचं तिने विचारलंही नाही.

जाड काचेचं दार मागे लागलं आणि समुद्र बाहेर राहिला. आत मंद उजेड होता. पंखा नव्हता, घड्याळ नव्हतं. चाळिशीतली एक थाई बाई कोमट पाण्याचं घमेलं घेऊन आली, खाली बसली आणि बेबीबाईचे पाय धरून धुवायला लागली. बेबीबाईने संकोचून पाय ओढून घेतले. मग हातानेच तिला सांगितलं, जरा थांब. पिशवी सोडून मिरच्या काढल्या.

आधी भरलेली. उजव्या कानाशी धरली, हलवली. बिया वाजल्या. बारीक, कोरड्या, जशा वाजायला हव्यात तशा.

मग काळ्या दोऱ्याची. तीही वाजली.

इथे गिरणी नव्हती, म्हशी नव्हत्या, पंखा नव्हता. तिने दोन्ही मिरच्या टॉवेलवर ठेवल्या. हात गुडघ्यांवर ठेवले आणि नुसती बसली. बिया वाजतच राहिल्या. लांब कुठेतरी कुणीतरी वाळल्या मिरचीचं अख्खं पोतं धरून हलवत बसलंय, आणि त्याला थांबायचं नाहीय, असा तो आवाज. तिने तळव्याने डावा कान दाबला. काही बदल नाही. उजवा दाबला, आवाज मोठा झाला. जबडा उघडला, आवाज थोडा हलला. दात घट्ट आवळले, थोडा चढला. छत्तीस वर्षं ज्या कानाला मिरची लावली तोच कान. भीती वाटायच्या आधी तिला गंमत वाटली, की आपल्याच डोक्यात पथारी आहे आणि आपल्याला ठाऊक नव्हतं.

थाई बाई तिच्याकडे बघत होती. बेबीबाईने भरलेली मिरची तिच्या हातात दिली आणि कानाकडे बोट केलं. तिने आधी हुंगली. मग कानाशी नेऊन हलवली आणि हसून मान डोलावली. बेबीबाईने काळ्या दोऱ्याची दिली. तिने हलवली. थांबली. पुन्हा हलवली. मग हात हलवून सांगितलं, नाही. काही नाही.

पुढे तासभर त्या बाईने बेबीबाईची पाठ, खांदे, पिंढऱ्या रगडल्या. दर आठवड्याला असं कुणी रगडलं तर आणखी वीस वर्षं वाकता येईल, असं एरवी तिने ठरवून टाकलं असतं. पण ती पालथी पडून कार्तिकातली ती सकाळ आठवत होती. तिने मान हलवली तेव्हा मगन जवळच उभा होता. तो म्हणाला होता, बाई, अजून दोन उन्हं देऊ का? तिला राग आला होता. काल आलेला माणूस तिच्या कानाला शिकवतोय. ती म्हणाली होती, भरा.

ती परत आली तेव्हा रोहिणी शहाळं पीत पुस्तक वाचत होती. आईचा चेहरा बघून तिला वाटलं, मालिशने झोप आलीय. बेबीबाई शेजारच्या खुर्चीत बसली, दोन्ही मिरच्या लेकीच्या मांडीवर ठेवल्या आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. रोहिणीने ऐकता ऐकता दोन्ही मिरच्या वाजवून पाहिल्या. मग पुस्तक मिटलं.

"रोहिणी, मन्हा कान खोटा बोलस," बेबीबाई म्हणाली. "मिरची खाले ठेवी दिधी तरी वाजी ऱ्हायनी. आते बी वाजी ऱ्हायनी."

रोहिणी आधी घाबरली, मग चिडली. इतके दिवस बोलली का नाहीस? सुरतेला कानाचे चांगले डॉक्टर आहेत, उतरल्या उतरल्या जाऊ. बेबीबाई म्हणाली, जाऊ. पण आधी शेटला फोन लाव. आता लाव.

तेव्हा रोहिणी थांबली. सुट्टीचा पहिलाच दिवस असा जावा, हे तिला सोसत नव्हतं. आणि पुढचं तिला दिसत होतं. बेबीबाईचा कान गेला म्हटल्यावर शेट तिला पुन्हा देठ खुडणाऱ्या बायांमध्ये बसवतील, नाहीतर घरीच बसा म्हणतील. मग ती सुरतेला लेकीच्या फ्लॅटमध्ये येऊन कुकरच्या शिट्ट्या मोजत बसेल. रोहिणीने आईला ते सगळं सांगितलं, हळू आवाजात, लहान पोराला समजावावं तसं.

"कोनले माहीत शे? पाच महिना व्हई गयात. मगन बी कामले लागी गया. तू कसाले सांगस?"

"सगळासमोर शेटनी त्याले खोटा म्हनं. मी तठेच उभी व्हती."

"तुले काय माहीत व्हतं तव्हय?"

"तव्हय नही. आते शे."

रोहिणीने फोन लावला.

उमाकांत शेटने फोन उचलला, पण लाटांच्या आवाजात त्यांना काही ऐकू जाईना. ते आपले हसत होते. मावशी, तुम्ही फिराले गयात ना, मग फिरा, पथारीचं काय घेऊन बसलात. बेबीबाईने जे खालच्या मानेने, हळूच सांगायचं ठरवलं होतं, ते तिला उभं राहून ओरडून सांगावं लागलं.

"शेट, चूक मन्ही व्हती. मगननी झाकेल व्हतं. मिरचीच ओली व्हती, मी भराले लावी."

"काय?"

तिने पुन्हा सांगितलं, त्याहून मोठ्याने. लाल पाठीचा माणूस उठून बसला. शहाळी विकणारी बाई थबकली. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ते शेटला पोचलं. मग त्यांनी विचारलं, की कान गेला म्हणजे किती गेला, आणि दसऱ्याला मिरची येईल तेव्हा ती वाजवून कोण बघणार?

याचा बेबीबाईने विचारच केला नव्हता.

"ते दसराले दखू," ती म्हणाली. "आज मगनले फोन लावा. तुमनाच फोन जावाले पाहिजे. मन्हा नही."

शेट म्हणाले, लावतो. ती म्हणाली, कव्हय? ते म्हणाले, सांजेपर्यंत. ती म्हणाली, मी फोन ठेवत नाही. शेवटी त्यांनी दुकानातल्या माणसाला हाक मारून मगनचा नंबर शोधायला लावलेला तिने ऐकला, तेव्हा कुठे फोन रोहिणीच्या हातात दिला. आपण बरोबर ऐकलं ना, हेही लेकीला विचारून घेतलं. रोहिणी म्हणाली, हो माय, नंबर मागितला त्यांनी.

रोहिणीने आणखी एक शहाळं मागवलं. बेबीबाईने नळी काढून टाकली आणि तसंच तोंडाला लावलं. आतलं खोबरं कोवळं कसं राहतं, आपल्याकडच्या नारळात ते टणक का होतं, असं तिने विचारलं. रोहिणीला सांगता येईना. ते त्या शहाळीवाल्या बाईला विचारायला दोघी उठल्या आणि तिथेच वाळूत तिच्यापाशी बसल्या. त्या बाईने कोयत्याने फोडून दाखवायला तीन नारळ काढले, कोवळा, मधला आणि जून. बेबीबाईने तिन्ही आधी कानाशी हलवले, मग आपल्याशीच 'नाही' अशी मान हलवून लेकीच्या कानाशी धरले. कशात पाणी वाजतंय, ते रोहिणी सांगत गेली.

सूर्य पाण्याला टेकायला आला होता तेव्हा फोन वाजला. मगन होता. मागे उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज होता आणि आशा काहीतरी बोलत होती. रोहिणीने फोन आईच्या डाव्या कानाला लावला आणि आपलाही कान जवळ नेला.

"शेटना फोन वना व्हता," मगन म्हणाला.

बेबीबाई म्हणाली, बरं झालं. मग तिने सांगितलं, की तू त्या सकाळी दोन उन्हं मागितली होतीस, ते मला आठवतं. पलीकडचा ट्रॅक्टर बंद झाल्याचं रोहिणीला कळलं.

मगनने विचारलं, बाई, तुम्ही कुठे आहात, हा कसला आवाज येतोय? बेबीबाईने सांगितलं, समुद्र. त्याने तो पाहिलेला नव्हता. केवढा असतो, त्याने विचारलं. ती सांगायला लागली, आणि सांगता सांगता पाण्यात गुडघ्यापर्यंत गेली. रोहिणी फोन धरून तिच्याबरोबर चालत राहिली.